विटेवर उभं घर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात जुन्या वाड्यांबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच पडला. बरीचशी पुण्याच्या पेठांमधली, काही वाई-साताऱ्याकडची, एक थेट अमेरिकेतून. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, त्यातली सहा घेतेय. नावं छापत नाहीये, कारण अर्ध्या लोकांचं घरमालकाशी कोर्टात चालू आहे आणि उरलेल्या अर्ध्यांचं भाडेकरूंशी!

प्रश्न : ताई, आमचा वाडा सदाशिव पेठेत आहे. दुमजली, विटांचा, पणजोबांनी विकत घेतलेला. पेशव्यांचा सरदार वगैरे इथं कोणी राहत नव्हता, टिळक-आगरकर येऊन चहा पिऊन गेले अशी दंतकथासुद्धा नाही. बिल्डर म्हणतो की साध्या माणसांच्या घराला हेरिटेज व्हॅल्यू शून्य असते. खरंय का हे?

बिल्डरला विचारलंत म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यात. तो दुसरं काय सांगणार?

एक रविवार काढा आणि गंज पेठेतला फुले वाडा बघून या. आधी विश्रामबाग वाडा बघा, १८०७ चा, दुसऱ्या बाजीरावाचा, सुरूच्या झाडासारखे कोरलेले खांब, सज्जा, सगळा थाट, आणि मग तिथून चालत फुले वाड्यात जा. लहानसं घर आहे हो. कारंजं नाही, नक्षीकाम नाही. पण १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह त्या घरात सुरू झालं, १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, आणि १८९० मध्ये त्यांनी प्राणही तिथंच सोडला. आता मला सांगा, त्या घराची किंमत कशात मोजायची, सागवानाच्या घनफुटात? हौदाचा दगड शेजारच्या घरातल्या हौदासारखाच असणार, फरक पडला तो पाणी कोणी भरलं यानं.

दुसरं उदाहरण जरा कडू आहे. बुधवार पेठेतला भिडे वाडा, जिथं १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतीरावांनी मुलींची शाळा काढली. इमारत म्हणून तो चारचौघांसारखाच वाडा होता, आणि पुढं खाली दुकानं, वर पडझड, वर्षानुवर्षं कोर्टकचेरी. शेवटी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन निकाल लागला आणि डिसेंबर २०२३ मध्ये वाडा एका रात्रीत पाडला, स्मारकासाठी. स्मारक होईल, चांगलंच होईल, पण ज्या भिंतींच्या आत त्या मुली बसल्या त्या भिंती गेल्या, आणि ज्यांना वाटतं की "जागा तीच आहे ना, मग झालं" त्यांच्याशी मी कित्येक वर्षं भांडतेय.

आता तुमच्या कामाचं. कागदावरचा वारसा म्हणजे यादी. महापालिकेची हेरिटेज यादी असते, त्यात ग्रेड १, २, ३ असे दर्जे. ढोबळमानानं सांगायचं तर ग्रेड १ म्हणजे देशपातळीचं महत्त्व, हात लावायला जवळजवळ बंदी. ग्रेड २ म्हणजे त्या भागाच्या दृष्टीनं महत्त्वाचं, आतले बदल परवानगीनं होऊ शकतात. ग्रेड ३ म्हणजे गल्लीचं, पेठेचं रूप टिकवणारी घरं, यात बऱ्यापैकी मोकळीक मिळते. नुसतं जुनं आहे म्हणून यादीत येत नाही आणि यादीत नाही म्हणून किंमत नाही असंही नाही. तुमच्यासारख्या घरांचा दावा बहुतेक वेळा ग्रेड ३ चा असतो, आणि त्यात बांधकामाइतकंच राहणाऱ्यांना महत्त्व आहे. वाड्यात कोण कोण राहिलं, काय धंदा करत होते, पापड-मसाल्याचा उद्योग होता का, शिकवण्या चालायच्या का, वार लावून जेवणारा विद्यार्थी होता का, छापखान्यात अक्षरं जुळवणारा कंपोझिटर होता का, नर्स होती का. हे लिहून काढा. प्रॉपर्टी कार्डाचा जुना उतारा काढा, भाडेपावत्यांची पुस्तकं शोधा, लग्नपत्रिका, रेशनकार्डं, वाड्याच्या गणपतीचे ग्रुप फोटो (मागची भिंत बघायची, माणसं नंतर!). मोडी लिपीतले कागद निघाले तर रद्दीत घालू नका, भारत इतिहास संशोधक मंडळात विचारा, १९१० पासून ते लोक हेच करतायत.

आणि विटा बघा. पातळ, चपट्या, भाकरीच्या तुकड्यासारख्या असतील आणि मधला थर चुन्याचा किंवा मातीचा असेल तर बांधकाम जुन्या पद्धतीचं. जाड, एकसारख्या मापाच्या, पोटात खोबण आणि त्यात अक्षरं उठवलेली असतील तर इंग्रजी अमदानीतला भाग. खूप वाड्यांमध्ये दोन्ही सापडतात, खाली आजोबा आणि वर नातू. ते लपवायचं नाही, तोच त्या घराचा इतिहास आहे.

प्रश्न : घर शंभर वर्षांच्या वरचं. तीन वर्षांपूर्वी खालच्या सगळ्या भिंतींना चांगलं सिमेंट प्लॅस्टर केलं, वर ऑइल पेंट मारला. आता कमरेएवढ्या उंचीपर्यंत पोपडे पडतायत, पांढरी पूड येते. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो वॉटरप्रूफिंग करा. करू का?

नका करू! परत सांगते, नका करू. अहो भिंतीला ताप आलाय आणि तुम्ही तिला रेनकोट घालताय.

होतं काय की जुन्या विटेच्या भिंतीला खाली ओल अडवणारा थर बहुतेक नसतोच. जमिनीतलं पाणी विटेतून हळूहळू वर चढतं. चुन्याचा गिलावा असतो तेव्हा ते पाणी गिलाव्यातून बाहेर पडून उडून जातं, भिंत श्वास घेते म्हणतात ते हेच. सिमेंट आणि वर ऑइल पेंट मारलात की ती वाट बंद. मग पाणी आणखी वर चढतं, सोबत मातीतले क्षार आणतं, क्षार विटेच्या पृष्ठभागाखाली साठून फुगतात आणि विटेचा चेहराच सोलून निघतो. तुमची पांढरी पूड म्हणजे तेच क्षार. सिमेंट जुन्या विटेपेक्षा कडक असतं, त्यामुळे दोघांच्या भांडणात कायम वीट मरते.

उपाय म्हणजे सिमेंट हलक्या हातानं काढायचं (ब्रेकर मशीन लावणाऱ्याला दारातूनच परत पाठवा), भिंत एक पूर्ण उन्हाळा उघडी सुकू द्यायची, पूड कोरड्या ब्रशनं झाडायची, पाण्यानं धुवायची नाही, आणि मग चुन्याचा गिलावा. कळीचा चुना विरवून नीट मुरू द्यायचा, घाई केलीत तर नंतर भिंतीवर फोड येतात. त्यात वाळू आणि सुरखी म्हणजे विटेची भुकटी. जुने गवंडी यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी, ताग असं काय काय घालायचे आणि बैल जुंपून घाणीत, म्हणजे चुना दळायच्या चक्कीत, दळायचे. आता घाणी नाही मिळाली तरी मिक्सर चालतो, पण वरून ओलं गोणपाट टाकून आठ-दहा दिवस गिलावा दमट ठेवायचा तो कंटाळा करू नका, सगळं अपयश तिथं असतं.

आणि त्याच्या आधी एक फुकटचं काम. घराबाहेर भिंतीला लागून फरशी टाकलीये का, पागोळ्यांचं पाणी पायाशी पडतंय का, रस्ता दर वर्षी डांबर चढून चढून जोत्याच्या वर आलाय का, ते बघा. माझ्या माहेरच्या वाड्यात उंबरा चढून आत जायचो, आता रस्त्यावरून दोन पायऱ्या उतरून जावं लागतं. जोतं काळ्या दगडाचं का करायचे? पाण्याशी दगडानं लढावं आणि वीट कोरडी राहावी म्हणून. दगड रस्त्याखाली गेला की वीट लढायला पुढे, आणि ती हरते.

प्रश्न : मी भाडेकरू, कसबा पेठ, दोन खोल्या, भाडं महिना ४० रुपये. मालक कौलं फिरवत नाही, पावसात आम्ही घरात पाच पातेली मांडतो. आता पालिकेची 'धोकादायक वाडा, खाली करा' अशी नोटीस आलीये. बाहेर पडलो तर हक्क जाणार अशी सगळ्यांना भीती. वारसा वगैरे ठीक, आम्ही जायचं कुठं?

तुमचा शेवटचा प्रश्न पहिला असायला हवा होता. वाड्यांवर कॉफी टेबल पुस्तकं निघतात त्यात झोपाळा असतो, तुळशी वृंदावन असतं, तुमची पाच पातेली नसतात.

आधी जिवाचं. नोटीस आलीये, पावसाळा तोंडावर आहे आणि खांब सरकला असेल, तुळई वाकली असेल, भिंतीचं पोट बाहेर आलं असेल तर हक्काचा विचार करत आत झोपू नका. माणूस असेल तर हक्क.

पण रिकाम्या हातानं बाहेर पडू नका. पालिका अशी नोटीस महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली काढते, ती इमारतीबद्दल असते, तुमची भाडेकरूपणाची नोंद ती पुसत नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगलीकडच्या एका खटल्यात स्पष्ट म्हटलंय की पालिकेनं इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही. त्यामुळे निघण्याआधी खोल्यांची मापं पंचांसमोर घ्या, पालिकेकडून वापरातलं क्षेत्र नोंदवून घ्या, दारं-खिडक्या-मोरीसकट फोटो काढा, भाडेपावत्या, लाइटबिलं, सगळ्याच्या झेरॉक्स तिसऱ्याच घरी ठेवा. आणि एक चांगला वकील, फुकट सल्ला देणारा मेहुणा नको.

दुरुस्तीचं म्हणाल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४. घर राहण्यासारखं ठेवणं मालकाचं काम. तो करत नसेल तर १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. ऐकायला छान वाटतं ना? पण वर्षाला वळती करायची रक्कम वर्षाच्या भाड्याच्या पावपटीपेक्षा जास्त नाही. तुमचं वर्षाचं भाडं ४८०, म्हणजे १२० रुपये. त्यात गवंड्याचा चहा होईल.

आता मालकांनो, रागावू नका, तुमचीही बाजू आहे. जुन्या कायद्यात बऱ्याच खोल्यांचं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं गेलं आणि तिथंच गोठलं, १९९९ च्या कायद्यानं वर्षाला ४ टक्के वाढ दिली, पण ४० रुपयांचे ४ टक्के किती ते तोंडी करा. त्या भाड्यात कौलं फिरवणं अशक्य आहे हे मलाही दिसतं. म्हणून वाडे पावसानं पडत नाहीत, ते ४० रुपयांनी पडतात. मला विचाराल तर मालक आणि भाडेकरूंनी मिळून फक्त छपरासाठी वेगळा लेखी करार करावा, भाड्याला हात न लावता. मी दोन ठिकाणी हे होताना पाहिलंय. तिसऱ्या ठिकाणी मारामारी झाली, तेही सांगते.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असतो. वाईला आमचा वाडा बंद पडलाय. एका रिसॉर्टवाल्यानं सागवानी खांब, महिरपी, दिंडी दरवाजा यांना चांगला भाव दिलाय. भिंती तशाही कुणाला नको आहेत. विकू?

भिंती कुणाला नकोत हे कोणी ठरवलं, रिसॉर्टवाल्यानं?

अहो वाड्यात भार मुख्यतः लाकडी सांगाडा घेतो, खांब, वर तुळया, त्यावर कडीपाट, आणि दोन खांबांतल्या अंतराला खण म्हणायचं, घर किती मोठं ते खणांत सांगायचं. विटेची भिंत त्या सांगाड्याला सगळ्या बाजूंनी धरून उभी असते. तुम्ही खांब काढलेत की उरलेल्या विटा एका पावसाळ्यात बसतील आणि शेजाऱ्याच्या भिंतीवर बसतील, मग त्याची नोटीस तुम्हाला न्यू जर्सीत येईल. दिंडी दरवाजा रिसॉर्टच्या बारमागे उभा करतात, फोटो येतात, पण तो कुठंच उघडत नाही.

शिवाय "बंद पडलाय" म्हणजे काय? मागच्या पडवीत कोणी म्हातारी राहतेय का, सोप्यात कोणाचं शिलाई मशीन आहे का, हे तुमच्या पत्रात नाही. बहुतेक "बंद" वाड्यांत एखादं माणूस असतंच आणि तेच संध्याकाळी दिवा लावतं, गळती सांगतं, उंदीर मारतं. असेल तर त्यांना आधी फोन करा. विकायचाच झाला तर अख्खा विका, उभा विका, राहत्या माणसांसकट विका.

प्रश्न : आमचं घर शनिवारवाड्यापासून ७०-८० मीटरवर. पडायला आलंय पण नवीन बांधायला परवानगी नाही म्हणतात. त्यांचा वारसा जपायला आमचा जीव का?

कारण शनिवारवाडा केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे आणि स्मारकांच्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. नियंत्रित पट्ट्यात परवानगी घेऊन बांधता येतं, प्रतिबंधित पट्ट्यात नवं बांधकाम नाही, पाडून पुन्हा बांधणंही नाही. मात्र १६ जून १९९२ च्या आधीच्या घरांना दुरुस्ती आणि नूतनीकरणाची परवानगी मागता येते, अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे करायचा, तो राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जातो. तेव्हा अर्जात "पुनर्बांधणी" हा शब्द चुकूनही घालू नका. कौलं, तुळई, जिना, संडास असं एकेक काम नावानिशी लिहा, आधीचे फोटो जोडा.

माझं मत विचाराल तर तुमचा राग रास्त आहे. शनिवारवाड्याचं काम १७३० ला सुरू झालं, १७३२ ला वास्तुशांत झाली, आणि वरचे मजले विटांचे का तर म्हणे शाहू महाराजांकडे तक्रार गेली की दगडी वाडा फक्त छत्रपतींनीच बांधावा, म्हणून दगड जोत्यावर थांबला आणि पुढं वीट आली. खरी-खोटी देव जाणे, पण पुणेकर ती गोष्ट आवडीनं सांगतात. १८२८ च्या आगीत आतलं सगळं गेलं, आज तट, दरवाजे आणि जोती उरलीत. म्हणजे बघा, ज्या वाड्यात दोनशे वर्षं कोणी राहत नाही त्याच्या संरक्षणापायी ज्यांच्यात माणसं राहतायत ते वाडे वाऱ्यावर. मीटरपट्टी घेऊन वर्तुळ काढणं सोपं असतं, आणि त्या वर्तुळातली घरं पडली की शनिवारवाड्याभोवतीचं पुणं म्हणून काय राहणार, रिक्षा स्टँड?

प्रश्न : आमच्या वाड्यात जिन्याखाली भिंतीवर पुराच्या पाण्याची खूण आहे, आजी म्हणते पानशेतची. रंगकाम काढलंय, रंगारी म्हणतो डाग आहे, पुट्टी मारून टाकू. काय सांगू त्याला?

पत्र वाचल्यावर मी तुम्हाला फोन करायला निघाले होते.

१२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासल्याचं, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. वाडे पडले त्यातले कितीतरी धक्क्यानं नाही पडले, भिजून पडले. मातीत रचलेल्या विटांची भिंत पाण्यात उभी राहिली की आतली माती विरघळते, वरून भिंत ठणठणीत दिसते, पाणी उतरतं, आणि मग बसते. माणसं परत घरात सामान शोधायला गेलेली असताना. तुमची भिंत राहिली याचा अर्थ खालचे थर तरी चुन्यात असावेत, एखादा सांधा खरवडून बघा. आमच्या वाड्यातली तीन बिऱ्हाडं तेव्हा गोखलेनगरला पूरग्रस्त वसाहतीत गेली ती परत आली नाहीत, त्यातल्या एक काकू पुढं कित्येक वर्षं दिवाळीत फराळ घेऊन यायच्या आणि आत न येता चौकात उभ्या राहून वर बघायच्या.

आजी आहे तोवर तिला खुर्ची घेऊन जिन्यापाशी बसवा, पाणी कुठून आलं, कोण कुठं चढलं, कोणाच्या घरातली काय वस्तू वाहून गेली, मोबाइलवर रेकॉर्ड करा. जोत्यापासून खुणेपर्यंत टेप लावून फोटो काढा, टेपवरचा आकडा दिसला पाहिजे. आणि रंगाऱ्याला सांगा, बाकी सगळा वाडा हवा तसा रंगव बाबा, जिन्याखालची तेवढी हातभर जागा सोड.